कुणाच्याच यादीत नसलेलं बाळ: सांगली जिल्ह्यातल्या एका ऊसफडावरचं प्रकरण

३ मार्च २०२४ ला पोलिओ रविवार होता. बूथवर न आलेल्या मुलांना शोधायला आमच्या आशाताई दुसऱ्या दिवशी मळीच्या रानात ऊसतोड टोळीच्या कोप्यांवर, म्हणजे त्यांच्या तात्पुरत्या झोपड्यांवर, गेल्या. मुद्दाम दिवस मावळताना गेल्या, कारण दिवसा तिथं म्हातारी माणसं आणि पोरं सोडली तर कुणी नसतं. एका कोपीपुढं दोन वर्षांच्या मुलीला थेंब पाजले, करंगळीला शाई लावली आणि वहीत लिहिता लिहिता सवयीनं विचारलं, "आणि कोण बारकं हाय का घरात?" मुलीची आई चुलीपुढं भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "व्हतं. जानेवारीत झालं व्हतं. गेलं."

आशाताईंनी तिथूनच मला फोन केला. त्या भागाच्या प्राथमिक आरोग्य केंद्राची मी वैद्यकीय अधिकारी. बाळ जाऊन पाच आठवडे होत आले होते. आमच्या केंद्रापासून ती कोपी साडेतीन किलोमीटरवर होती, आणि ते जन्मल्याचं किंवा गेल्याचं एक अक्षर आमच्या कुठल्याही रजिस्टरात नव्हतं.

पुढचे दहा दिवस मी या बाळाच्या मागावर होते. माणसांची, गावांची, दवाखान्यांची नावं इथं गाळली आहेत.

आई आणि तिचं कार्ड

आई वीस वर्षांची, बीड जिल्ह्यातली. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, जोडीवर मिळते. बाई आली नाही तर अर्धा कोयता धरतात आणि उचलीतली निम्मी रक्कम अंगावर येते. पैसे पावसाळ्यातच घेऊन खर्चून झालेले होते. त्यामुळे दिवाळीनंतर टोळी निघाली तेव्हा सातवा महिना लागलेला असूनही तिला घरी राहता येणं शक्य नव्हतं. नवरा ऊस तोडायचा, ती मोळ्या बांधायची आणि डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढवायची. रात्री ट्रक आला तर रात्री भरायचा. पहाटे तीनला उठून भाकरी, साडेचारला फड.

तिच्याकडं माता-बाल संरक्षण कार्ड होतं का, हे मी दुसऱ्या भेटीत विचारलं. माझी अपेक्षा होती की गावाकडं पेटीत राहिलं असेल. ती आत वाकून गेली आणि कोपीच्या आडव्या बांबूला टांगलेली प्लास्टिकची पिशवी घेऊन आली. आधार कार्डं, रेशनकार्ड आणि त्यांच्या मधे घडी न मोडता ठेवलेलं ते कार्ड.

मी ते कार्ड तिथंच उकिडवं बसून वाचलं. ऑगस्टमध्ये, बारा आठवड्यांच्या आत नोंदणी. धनुर्वाताची दोन्ही इंजेक्शनं. ऑक्टोबरच्या तपासणीत हिमोग्लोबिन ८.८, आणि त्याभोवती लाल पेनानं काढलेलं गोल. बाळंतपणाची अपेक्षित तारीख २४ फेब्रुवारी. मागच्या पानावर तिच्या उपकेंद्राच्या सिस्टरचा मोबाईल नंबर. म्हणजे त्या सिस्टरनं आपलं काम चोख केलं होतं. जोखमीची आई ओळखली होती, खूणही केली होती. नोव्हेंबरपासूनचे रकाने मात्र कोरे होते. लोहाच्या गोळ्या डिसेंबरच्या सुरुवातीला संपल्या. त्याच गोळ्या आमच्या उपकेंद्राच्या कपाटात होत्या.

"हे कार्ड कुणी बघितलं होतं का इथं आल्यावर?" मी विचारलं.

"कुनी इचारलंच नाही, म्याडम."

२४ ते ३० जानेवारी

२४ जानेवारीच्या रात्री दोनला कळा सुरू झाल्या, तारखेच्या महिनाभर आधी. टोळीच्या मुकादमानं १०८ ला, म्हणजे रुग्णवाहिकेला, फोन लावला. गाडी आली, उसाच्या रानातून अंधारात वाट काढत आली, आणि तिला वेळेत रुग्णालयात घेऊन गेली. पहाटे पावणेसहाला मुलगा झाला. लगेच रडला. वजन १९०० ग्रॅम. व्हिटॅमिन के चं इंजेक्शन, बीसीजी, पोलिओचा शून्य डोस, काविळीची लस, सगळं दिलं गेलं. इथपर्यंत कुणाचीही चूक काढता येत नाही.

आता हे १९०० ग्रॅम नीट बघायला हवेत. नवजात अतिदक्षता कक्षात बाळाला भरती करायचे जे निकष आहेत त्यांत वजनाची रेष १८०० ग्रॅमची आहे आणि पोटातल्या दिवसांची ३४ आठवड्यांची. हे बाळ शंभर ग्रॅमनं आणि जेमतेम दीड आठवड्यानं त्या रेषेच्या वर होतं. त्यामुळं ते आईजवळ राहिलं, आणि ते बरोबरही होतं. अशा बाळाला आईच्या छातीला लावून ठेवणं हेच उत्तम औषध. पण रेषेच्या जरा वरचं बाळ म्हणजे धडधाकट बाळ नव्हे. ते नीट ओढतंय का, वजन वाढायला लागलंय का, हे दिसेपर्यंत त्याला सोडायचं नसतं. २६ जानेवारीला, सुट्टीच्या दिवशी, त्याला सुट्टी मिळाली. घरी सोडतानाचं वजन कागदावर नाही. नवराही घाईला आला होता. दोन दिवसांचा खाडा झाला होता आणि खाड्याचे पैसे कापले जातात. मुलगी शेजारणीच्या कोपीत रडत होती. त्यानं विनवण्या केल्या असतील, डॉक्टरांनी ऐकल्या असतील. दोघांच्याही जागी उभं राहिलं की ते समजतं. पण समजलं म्हणून बाळाच्या अंगावर दोनशे ग्रॅम चढत नाहीत.

डिस्चार्ज कार्डावर पत्ता आधारवरचा पडला: बीड जिल्ह्यातलं गाव. त्या पत्त्यानं तिकडच्या तालुक्याला कळलं. तिकडच्या आशानं आपल्या वहीत प्रामाणिकपणे लिहिलं, "कुटुंब ऊसतोडीला बाहेरगावी." आमच्या गावात कुणालाच काही कळलं नाही. बाळंतीण ज्या रस्त्यानं कोपीवर परत गेली, तो आमच्या उपकेंद्रावरून जातो.

नदीकाठच्या रानात जानेवारीच्या पहाटे दव इतकं पडतं की कोपीवरची ताडपत्री आतून ओली होते. खाली पाचट, वर गोधडी. २७ आणि २८ ला बाळाला सकाळी उघड्यावर आंघोळ घातली, सगळीकडं घालतात तशी. पाणी गरम होतं, वारा गार होता. आई सांगत होती की बाळ ओढायचं, थांबायचं, झोपायचं. तिला वाटलं, शांत लेकरू आहे. पहिली मुलगी फार रडकी होती म्हणून तर तिला जरा बरंच वाटलं होतं.

२९ ला दुपारनंतर त्यानं दूध ओढणं सोडलं. "छाती दगडावानी झालती माझी, अन् लेकरू ओढंना." पाय गार पडले. शेजारच्या कोपीतल्या म्हातारीनं कापड शेकून लावलं आणि बोटानं गुळाचं पाणी चाटवलं. नवरा रात्री आठला ट्रक भरून आला. सकाळी बघू, असं ठरलं. ३० ला सकाळी अकरा वाजता गावातल्या एका खासगी डॉक्टरला दाखवलं. त्यांनी हात लावताच सांगितलं, सांगलीला न्या, ताबडतोब. गाडी मिळायला तीन वाजले, ओळखीचा एक छोटा टेम्पो. बाळ वाटेतच गेलं. ते अर्ध्या रस्त्यातून माघारी आले आणि दिवस मावळताना नदीच्या कडेला त्याला पुरलं. ३१ ला नवरा फडात होता. आई चौथ्या दिवशी फडात गेली.

सहा दिवसांपूर्वी ज्यांनी १०८ लावला होता, त्यांनी या वेळी का लावला नाही? मी विचारलं तेव्हा नवरा माझ्याकडं बघतच राहिला. म्हणाला, "ती गाडी बाळंतपनाची असती ना?" आजारी बाळाला घरून दवाखान्यात न्यायची गाडी फुकट आहे, उपचार फुकट आहे, हे २०११ पासूनच्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात आहे. सुरुवातीला ते तीस दिवसांपर्यंतच्या बाळांना होतं, नंतर वर्षापर्यंतच्या बाळांना झालं. आमच्या केंद्राच्या भिंतीवर ते रंगवलेलंही आहे. त्या कुटुंबानं ती भिंत कधी पाहिलीच नव्हती.

मृत्यूचं कारण मी असं लिहिलं: कमी दिवसांचं, कमी वजनाचं बाळ, अंग गार पडणं आणि बहुधा जंतुसंसर्ग. बहुधा हा शब्द तसाच ठेवला, कारण रक्ताचा एक थेंबही तपासला गेला नव्हता. बाळ थंड पडलं म्हणून ओढेना, की संसर्गामुळं ओढेना आणि म्हणून थंड पडलं, हे आता कुणी सांगू शकणार नाही. एवढं मात्र खात्रीनं सांगता येतं की २७ तारखेला कुणी थर्मामीटर लावला असता, तर ९७.७ फॅरनहाइटच्या खालचा आकडा दिसण्याची शक्यता मोठी होती. पुढचं काम त्या उरलेल्या तीन दिवसांचं होतं: टोपी, मोजे, आंघोळ बंद, आईच्या छातीशी उघडं बांधणं, पिळलेलं दूध वाटी-चमच्यानं. आणि न जमलं तर रुग्णालय.

सोळातले अकरा

महाराष्ट्राचा अर्भक मृत्युदर, म्हणजे हजार जिवंत जन्मांमागं वर्षाच्या आत जाणारी बाळं, नमुना नोंदणी पाहणीनुसार २०१३ साली २४ होता. २०२० साली तो १६ वर आला. त्याच सात वर्षांत देशाचा ४० वरून २८ वर आला. केरळ २०२० साली ६ वर होतं, मध्य प्रदेश ४३ वर. आपलं राज्य चांगल्यांच्या रांगेत आहे आणि त्यामागं हजारो सिस्टरांचं, अंगणवाडी ताईंचं, आशांचं चालणं आहे. हे मी अभिमानानं सांगते, कारण त्यातल्या बऱ्याच जणींबरोबर मी काम केलं आहे.

पण त्या सोळाची फोड करून पाहा. २०२० च्या त्याच पाहणीत पहिल्या २८ दिवसांत जाणाऱ्या बाळांचा दर ११ आहे. म्हणजे सोळातली अकरा बाळं महिन्याचीही होत नाहीत. जुलाब, गोवर, न्यूमोनिया यांनी सहा-आठ महिन्यांची बाळं जायची, ते दिवस लसींनी, ओआरएसनं, पाण्यानं बरेच मागं टाकले. उरलंय ते बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही दिवसांतलं: कमी दिवस, कमी वजन, गुदमरणं, संसर्ग. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्राचा अर्भक मृत्युदर २३.२ दिसतो आणि चौथ्या फेरीत तो २३.७ होता. मोजायची पद्धत वेगळी, काळ वेगळा, म्हणून दोन्ही आकडे शेजारी ठेवून भांडण लावू नये. पण नवजात बाळांचा आकडा या फेऱ्यांमध्ये हललेला नाही हे त्यात दिसतं: १६.२, मग १६.५. दवाखान्यात बाळंतपण होण्याचं प्रमाण याच पाहणीत जवळपास ९५ टक्क्यांवर पोचलेलं असताना हे घडतं. आमच्या बाळाचंही बाळंतपण दवाखान्यातच झालं होतं.

पहिल्या महिन्यातली ही बाळं कशी वाचवायची, हे महाराष्ट्रानंच देशाला शिकवलं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गडचिरोलीच्या ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली. १९९९ साली त्याचे निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्ये आले. नवजात मृत्यू निम्म्याहून खाली गेले होते. २०११ पासून तीच पद्धत आशांच्या हाती देशभर आली. बाळाच्या घरी सहा भेटी: तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस. वजनकाटा, थर्मामीटर, घड्याळ.

गावातली बाई गावातल्या घरात जाते, तिला आईचं माहेर-सासर माहीत असतं, ही त्या पद्धतीची ताकद. म्हणून तिला एक गोष्ट लागते: बाळाला गाव असावं लागतं. सहा महिने इकडं आणि सहा महिने तिकडं राहणाऱ्या बाईचं गाव कुठलं? आधारवर ते बीडमध्ये आहे. १९०० ग्रॅमचं बाळ पाचटावर झोपलं ते सांगली जिल्ह्यात.

चौकशीत न मावलेलं

बालमृत्यूच्या चौकशीत आम्ही तीन विलंब विचारतो. दवाखान्यात न्यायचं ठरवायला उशीर झाला का, पोचायला झाला का, पोचल्यावर उपचार मिळायला झाला का. मी पहिले दोन होय लिहिले. २९ च्या संध्याकाळपासून ३० च्या सकाळपर्यंत ठरवण्यात गेले, अकरापासून तीनपर्यंत गाडी मिळवण्यात. फॉर्म पूर्ण झाला. वाचून बघितला तर सगळा दोष नवऱ्याच्या आणि टेम्पोच्या माथ्यावर आलेला.

मला ते सही करवेना. कारण खरा उशीर नोव्हेंबरात सुरू झाला होता आणि तो आमचा होता. टोळी आली तेव्हा आमच्या गावात शंभराच्या वर माणसं वाढली. दुकानदाराला ते कळलं, पिठाच्या गिरणीला कळलं. आरोग्य केंद्राला कळलं नाही. आशाताईंना मी विचारलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "मॅडम, त्या आपल्या गावच्या न्हाईत म्हणून माझ्या सर्व्हेत न्हाईत. पोलिओला तेवढं सगळ्यांना धरायचं असतंय." खरंच होतं ते. पोलिओच्या वेळी आम्ही विचारत नाही की तू कुठल्या गावचा. वीटभट्टी, पालं, बांधकाम, कोपी, सगळं धुंडाळतो. म्हणूनच तर हा मृत्यू सापडला. तीच नजर गरोदर बाईसाठी वापरायचं आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, आणि आम्हीही आपणहून वापरली नाही.

आशाताईंच्या बाजूनं आणखी एक सांगायला हवं. सहाही भेटी पूर्ण झाल्या की त्यांना २५० रुपये मिळतात. टोळी पंधरा दिवसांत दुसऱ्या शिवारात हलली तर भेटी अर्ध्यावर राहतात. चालणं तेवढंच, पदरात काही नाही. ज्या बाईला महिन्याचा हिशेब असल्या तुकड्यांनी जुळवावा लागतो, तिच्याकडून फक्त कळवळ्यावर काम मागणं मला अन्यायाचं वाटतं.

जन्माची नोंद रुग्णालयानं केलेली होती. मृत्यूची नव्हती. त्यामुळं बाळ कागदावर जिवंत होतं, आणि बीडच्या त्या उपकेंद्राच्या मार्चच्या यादीत दीड महिन्याच्या लसीसाठी त्याचं नाव, म्हणजे आईच्या नावापुढं 'बाळ' असं, लागलेलं होतं. कार्डाच्या मागच्या नंबरावर मी फोन केला तेव्हा तिकडच्या सिस्टरनं आधी हेच विचारलं, "मॅडम, त्या बाळाची लस तुमच्याकडं झाली का?" मी सांगितलं. बराच वेळ पलीकडून आवाज आला नाही. मग त्या म्हणाल्या, "मी ८.८ ला गोल केला होता. तुमच्याकडं कुणाला फोन करायचा ते मला माहीत असतं तर केला असता."

मृत्यूची नोंद उशिराची म्हणून परवानगीचे सोपस्कार झाले. चालत्या वाहनात माणूस गेला तर गाडी जिथं पहिल्यांदा थांबते तिथं नोंद करायची, अशी तरतूद आहे. टेम्पो कुठं थांबवला होता ते नवऱ्याला पक्कं आठवत होतं. एका पुलाच्या अलीकडं, रसवंतीपाशी.

पुढच्या हंगामात

बदल लहान आहेत आणि त्यांतला एकही खर्चाचा नाही. कोणती टोळी कुठल्या शिवारात उतरली हे कारखान्याच्या शेतकी विभागातल्या चिटबॉयला, म्हणजे फडावरचं काम बघणाऱ्या कर्मचाऱ्याला, पहिल्या दिवशी माहीत असतं. मुकादमाचं नाव, किती कोयते, कुठल्या तालुक्यातले. तो आता आम्हाला कळवतो. टोळी आल्याच्या आठवड्यात आमची सिस्टर आणि आशाताई रात्री आठनंतर कोप्यांवर जातात आणि एकच गोष्ट मागतात: पिशवीतलं कार्ड. मुकादमालाही बसवून १०८ बद्दल सांगतात, आजारी बाळालाही ती गाडी चालते हे दोनदा सांगतात. आसपासच्या रुग्णालयांना आम्ही विनंती केली की डिस्चार्ज कार्डावर आधारच्या पत्त्याखाली 'सध्याचा मुक्काम' आणि मुकादमाचा नंबर हातानं लिहावा. काही जण लिहितात, काही विसरतात. अर्धवट भेटींचं मानधन हा प्रश्न मात्र माझ्या हातात नाही. तो मी तालुक्याच्या बैठकीत दर महिन्याला मांडते आणि मांडत राहणार आहे.

२०२४ च्या नोव्हेंबरात टोळ्या उतरायच्या आधीच आशाताईंनी माझ्या टेबलावरून बीडच्या त्या सिस्टरना फोन लावला. "ताई, यंदा तुमच्याकडनं कोण कोण निघालंय गरोदर?" पलीकडं वहीची पानं उलटल्याचा आवाज आला. सिस्टर वाचत गेल्या, आशाताई लिहीत गेल्या: नाव, कितवं, हिमोग्लोबिन, तारीख, मुकादम. पाच जणी होत्या. चौथीची तारीख जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यातली होती. आशाताईंनी तिच्याभोवती लाल पेनानं गोल काढला.